चुकलं तर बोल ना, यार!

प्रत्येक ऑफिसात असा एक कलीग असतोच. काहीही सांगा, मान डोलावतो. 'हो हो, झालं!' आणि डेडलाइनच्या दिवशी कळतं, की पठ्ठ्याला मुळात काही समजलंच नव्हतं. अशा माणसाचं सॉफ्टवेअर व्हर्जनही असतं, हे मला धाकटी डहाणूत कळलं.

माझा एक दोस्त तिथला. घरची बोट, वडील तांडेल. हा मात्र रोज डहाणू रोडहून लोकल पकडून अंधेरीला कोडिंग करायला जातो. फावल्या वेळात त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. वाऱ्याचा अंदाज वाचायचा, वेग ठरावीक मर्यादेपुढे जाणार असला की गावातल्या काही बोटवाल्यांना मेसेज टाकायचा. हवामान खात्याचे इशारे असतातच, ही आपली घरगुती सोय. आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचा, बदला.

वेगाची मर्यादा, फोन नंबर हे सगळं एका साध्या फाइलमध्ये. तिचं नाव कॉन्फिगरेशन फाइल. कोडचा पसारा वाढला म्हणून दोस्त रिफॅक्टरिंगला बसला. म्हणजे घरातलं वायरिंग नवं करायचं, पण दिव्यांची बटणं जिथल्या तिथे. तेव्हा जुन्या कोडमधली ती ओळ त्याला दिसली. अर्थ एवढाच: एरर आली तर काही करू नकोस, पुढे जा.

मग व्हायचं काय? मर्यादेच्या जागी कुणी '३५' ऐवजी '३५ किमी' लिहिलं, की प्रोग्रॅमला आकडा वाचता यायचा नाही. तो गुपचूप स्वतःची ठरलेली ६० ची मर्यादा धरायचा. ताशी ५० किलोमीटरचा वारा येणार असला तरी मेसेज नाही. स्क्रीनवर मात्र सगळं ओके! नशीब, हे घरी टेबलावरच सापडलं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ऐकू नाय आलं तर परत विचारायचं. अंदाजाने दोर सोडणारा खलाशी मला बोटीवर नको."

मोठ्या मंडळींचंही असंच. पायथनमध्ये अशा फाइली वाचणारं तयार मॉड्यूल आहे, कॉन्फिगपार्सर. एकच सेटिंग दोनदा लिहिलं, तर पूर्वी ते शेवटचं धरून गप्प बसायचं. २०११ मध्ये आलेल्या ३.२ व्हर्जनपासून एरर देतं. पण तुम्ही सांगितलेली फाइलच सापडली नाही, तर आजही तक्रार न करता पुढे जातं. वाचलेल्या फाइलींची यादी तेवढी हातात देतं, ती तपासायची तुम्ही!

मग चूक दिसली की सरळ बंद पडावं? तेही नको. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि एक्स, चॅटजीपीटी अडकले. समोर माणूस आहे की बॉट, हे ओळखायला लागणारी एक फाइल दुपटीने फुगली आणि २०० ची मर्यादा ओलांडून गेली. 'इथे चूक होणारच नाही' असं धरून चाललेला नवा प्रोग्रॅम तिथेच कोसळला. जुना उभा राहिला, पण प्रत्येकाला शून्य गुण वाटत सुटला. एक मेला, दुसरा खोटं बोलला.

दोस्ताने मधला रस्ता काढला. नवी फाइल चुकीची असेल तर शेवटची बरोबर सेटिंग्ज चालू ठेवायची. तीही नसतील तर मर्यादा कमीच धरायची, चार मेसेज जास्त गेले तरी चालतील. एकाचा नंबर चुकला म्हणून बाकीच्यांचा इशारा थांबवायचा नाही. आणि सगळ्या चुका एकदम, मोठ्याने सांगायच्या.

इथे माझी एन्ट्री! मास कॉम केलेल्या मुलीला कोड येत नाही, पण वाक्य लिहिता येतं. त्याचा मेसेज होता, 'इनव्हॅलिड व्हॅल्यू'. मी लिहिला: 'ओळ ७. वाऱ्याची मर्यादा फक्त आकड्यात लिहा. तुम्ही लिहिलंय: ३५ किमी. दुरुस्त होईपर्यंत जुनी मर्यादा ३० चालू आहे.'

आता कुरकुर होणारच, 'काल तर चालत होतं!' अहो, चालत नव्हतं, बोलत नव्हतं.

बाबांनी चष्मा लावून मेसेज वाचला. "आता कळतंय काय बिघडलं ते," म्हणाले. असा फीडबॅक मला अजून एकाही एडिटरने दिलेला नाही.