पापणीचे ओझे

साठी ओलांडली की अनेकांच्या वरच्या पापणीची त्वचा सैल होऊन डोळ्यावर उतरू लागते. बीडच्या मोंढ्यात गादीवर बसून खतावणी पाहणारा व्यापारी मग नकळत भुवया ताणून, हनुवटी उंचावून आकडे वाचतो आणि सायंकाळी कपाळ जड झाल्याची तक्रार करतो. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की मात्र तो संकोचतो. देहाची आसक्ती सोडावी, हे बालपणापासून ऐकलेल्या घरात ‘या वयात रूपाचा सोस कशाला?’ हा प्रश्न बोचतो.

या संकोचाचे उत्तर समाजाच्याच सेवाकार्यात आहे. मूळचे बीड जिल्ह्यातील शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने डॉ. शरदकुमार दीक्षित यांच्या मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे भरवली. १९३० साली पंढरपुरात जन्मलेले दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले होते. अपघाताने चाकाची खुर्ची आली, कर्करोगाने आवाज हिरावला. तरी ते भारतात येऊन शस्त्रक्रिया करीत राहिले. दुभंगलेल्या ओठांबरोबर पडलेल्या पापण्याही त्यांनी सावरल्या. २००१ साली त्यांना पद्मश्री लाभली. २०११ साली ते निवर्तले. त्यांच्यापुढे येणाऱ्या रुग्णाला रूपाचा सोस नव्हता. चारचौघांत मोकळेपणाने पाहता यावे, एवढीच त्याची आस होती.

पापणी उचलणारा स्नायू दुबळा होणे आणि केवळ त्वचा सैल पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांचे उपचारही भिन्न. म्हणून प्रथम नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करावी. पापणी एकाएकी पडली, तर तो वयाचा दोष न मानता तातडीने डॉक्टर गाठावा.

सैल त्वचेची शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. छेद पापणीच्या नैसर्गिक घडीत घेतात, त्यामुळे व्रण पुढे सहसा झाकला जातो. टाके साधारण आठवड्याने निघतात. सूज व काळेनिळेपणा एक-दोन आठवडे राहतो. अंतिम रूप दिसण्यास काही महिने लागतात. म्हणून घरातील लग्नाच्या तोंडावर ही तारीख धरू नये. सुरुवातीचे काही दिवस उशी उंच ठेवावी, वाकणे व ओझे उचलणे टाळावे. डोळे कोरडे पडणे, पापणी काही काळ पूर्ण न मिटणे, दोन्ही बाजूंत किंचित फरक राहणे संभवते. तीव्र वेदना होऊन दृष्टी मंदावली, तर क्षणभरही थांबू नये.

पर्युषणात किंवा अठाईच्या संकल्पाच्या काळात ही शस्त्रक्रिया ठरवू नये. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांशी आधीच बोलून घ्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर तेही सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

या उपचाराने डोळ्यांखालची काळी वर्तुळे किंवा कडेच्या सुरकुत्या जात नाहीत, आणि वय तर मुळीच मागे फिरत नाही. तारुण्य परत मागणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. पण हनुवटी उंचावून चालणाऱ्याला पायाखालची मुंगी दिसत नाही. ईर्यासमितीचा संस्कार जपणाऱ्या श्रावकाने वाट नीट दिसावी म्हणून पापणीचे ओझे उतरवले, तर त्यात आसक्ती नाही. जीवदयेचेच ते साधन आहे.