घसारा

माणसाने वाणिज्य शाखेची पदवी घेऊ नये. आणि घेतलीच, तर नातेवाइकांना सल्ला देऊ नये. मी दोन्ही केले.

पुण्याच्या आमच्या साडूंनी जुनी जर्मन बीटल घेतली. रिसोडच्या मामांना घेऊन मी ती बघायला गेलो. आधी गाडीवरचे आवरण निघाले, मग आमच्या चपला. मामांनी सवयीने पुढचे झाकण उघडायला लावले. आत स्टेपनी! इंजिन मागे.

"आन् पानी कुठं टाकाचं?"

"हिला पाणी लागत नाही, मामा. हवेवर थंड होते."

मामा गंभीर झाले. "मंग हे वाशीमले पायजे होती."

मी म्हटले, "एक चक्कर मारू या." पावणेपाचला चिल्लरची थैली पुढे केल्यावर आमच्या कॅशियरचा होतो, तसा साडूंचा चेहरा झाला. "अहो, चालवली की किंमत उतरते!"

तेव्हा उमगले. जमवायची गाडी म्हणजे मुदत ठेव. मोडली की व्याज बुडाले. चालवायची गाडी म्हणजे बचत खाते. शिल्लक नसते, पण अडीनडीला तेच धावते. मर्सिडीजने १९५५ साली ३०० एसएलआर जातीच्या बंद टपाच्या दोनच गाड्या केल्या. त्यातली एक २०२२ साली साडेतेरा कोटी युरोंना गेली, म्हणजे सुमारे ११०० कोटी रुपये. सहा टक्क्यांनी वर्षाचे व्याजच ६६ कोटी! ती कोण खड्ड्यांत घालील? पण बीटल २००३ पर्यंत दोन कोटींहून जास्त निघाल्या. ती बिचारी चालवायचीच गाडी. साडूंनी तिला उगाच लॉकरमध्ये ठेवले आहे.

परतताना मामा म्हणाले, "आपली मॅटाडोर बी तिकडचीच होती ना?"

होती. ज्या जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो निघाली, तिचेच ते वाण. पुढे इंजिनही मर्सिडीजच्या परवान्याचे आले. म्हणजे ११०० कोटीवालीशी मामांची भाऊबंदकीच. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, उन्हाळ्यात मांडी भाजायची. पण तिने तूर नेली, कापूस नेला, वऱ्हाडे नेली. आणि १९९१ च्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या आईला घेऊन ती पातूरचा घाट उतरून अकोल्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचली. आई त्यानंतर अठरा वर्षे जगली.

आई गेली त्याच वर्षी मामांनी मला विचारले होते, "ठेवू का इकू?" मी पेन्सिल घेतली, घसारा वजा केला आणि सांगितले, "किंमत शून्य." भंगारवाल्याने ती किलोवर नेली. एक फोटोसुद्धा नाही.

"तुमी इकली कशाला पण?" मी उगाच म्हटले.

"तू शिकलेला होता ना बापू," मामा म्हणाले. रागाने नाही, म्हणूनच जास्त लागले.

आता शाखेच्या खुर्च्या-टेबलांचा घसारा काढताना शून्य लिहायची वेळ आली, की माझे पेन थबकते. साहेब विचारतात, "काय झाले?"

मी म्हणतो, "घाट आहे साहेब. जरा सांभाळून."