भरताच्या वांग्यांचा वाफा

चंपाषष्ठी. पावसाळ्यात जळगावच्या काळ्या जमिनीत लाविलेल्या रोपांवरील, 2016 साली भौगोलिक मानांकनास पात्र ठरलेले, फिकट हिरवे वांगे चातुर्मासाचा निषेध सरल्यावर आज पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजले गेले. लाकडी बडगीत ठेचलेले ते भरीत आणि कळण्याची भाकरी यांहून थोर नैवेद्य मला ठाऊक नाही. परंतु ग्रीष्मात विहिरीचा तळ दिसू लागला, की मन धुळ्याकडील पांझरा नदीकाठी वळते. तेथे बंधाऱ्याखालचे शिवार फडांत विभागून, एका फडात एकच पीक घेऊन, पाटकऱ्याकरवी प्रत्येकास पाण्याची पाळी देण्याची पुरातन वहिवाट गावकऱ्यांनीच निष्ठेने सांभाळली, ही मला खानदेशाची खरी दौलत वाटते. शेजारच्या विहिरीवरून उद्या माझी पाळी आहे. मेथीचे वाफे आजच बांधावयास हवेत.