तुर्की सफरचंद आणि माझी राहून गेलेली दुरुस्ती

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण गेल्या वर्षी मे महिन्यात ज्यांनी माझा रोह्याचा व्हिडिओ शेअर केला होता, त्यांनी तेवढी वेळ काढाच.

आठवून बघा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाम झालं. मारल्या गेलेल्यांत आपल्या जिल्ह्यातला, पनवेलचाही माणूस होता. ६ मेच्या रात्री ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. पाकिस्तानने ड्रोन सोडले. प्राथमिक तपासात ते तुर्की बनावटीचे सोंगर ड्रोन असल्याचं आपल्या लष्कराने पत्रकार परिषदेत सांगितलं. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगन उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले. आणि याच तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप झाला तेव्हा आपण ‘ऑपरेशन दोस्त’ काढून एनडीआरएफची पथकं आणि लष्कराचं अख्खं हॉस्पिटल पाठवलं होतं. पाच महिन्यांनी हीच एनडीआरएफ आपल्या खालापुरात इर्शाळवाडीच्या चिखलात उतरली होती. त्यामुळे आपल्याकडे लोकांना राग आला, तो अगदी रास्त होता. मलाही आला होता.

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं. १५ मेला मुंबईसह नऊ विमानतळांवर काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी केंद्राने काढून घेतली. टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. मग आपल्या गावात काय चाललंय, हे दाखवायची मलाही घाई झाली.

रोह्याच्या बाजारात एका हातगाडीभोवती काही पोरं जमली होती. घोषणा चालू होत्या, सफरचंदं रस्त्यावर फेकली जात होती. मी मोबाईल काढला. मथळा टाकला, ‘रोह्यातही तुर्की सफरचंदांना दणका’. चाळीस हजार लोकांनी पाहिला. माझ्या पेजवर एवढं कधीच काही चाललं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या गाडीवाल्या चाचांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, “अरे बाबा, तू मला लहानपणापासून ओळखतोस. एकदा पेटी बघायची होतीस ना.”

मी पेणहून गेलो आणि पेटी बघितली. हिमाचलचा माल होता, कोल्ड स्टोरेजमधला, वाशी मार्केटहून आलेला. त्याच रांगेत आणखी तीन गाड्यांवर हीच सफरचंदं होती. त्या गाड्यांना कोणी हात लावला नव्हता. का, ते तुम्हाला कळलं असेल.

मी व्हिडिओ काढून टाकला. दुरुस्ती मात्र टाकली नाही. टाकली असती तर चार लोकांनी मला देशद्रोही म्हटलं असतं, ही भीती होती. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या महिन्यात शिकवतात की चूक जेवढ्या जागेत छापली तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापायची. मला ते पाठ होतं. पण मी गप्प बसलो.

मग एक केलं. ज्या देशाच्या नावाने एवढं झालं, तो देश आहे तरी कसा, हे वाचायला घेतलं. कारण खरं सांगतो, केमाल पाशा आणि एर्दोगन या दोन नावांपलीकडे मला काहीच माहीत नव्हतं.

एर्दोगन १९९४ मध्ये इस्तंबूलचे महापौर झाले. एका सभेत कविता म्हटली म्हणून त्यांना शिक्षा झाली आणि १९९९ मध्ये चार महिने तुरुंगात काढावे लागले. त्या तुरुंगवासानेच ते मोठे झाले. त्यांचा पक्ष २००२ मध्ये निवडून आला आणि सत्ता आजतागायत त्यांच्याकडे आहे. २०१६ चं लष्करी बंड फसलं, २०१७ च्या सार्वमतात जेमतेम ५१ टक्के मतांवर पंतप्रधानपदच रद्द करायचं ठरलं आणि सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे गेले.

आता पुढचं बघा. २०१९ मध्ये इस्तंबूलची महापौरपदाची निवडणूक विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोग्लू सुमारे तेरा हजार मतांनी जिंकले. निकाल रद्द झाला. फेरमतदानात ते आठ लाखांच्या फरकाने जिंकले! २०२४ ला पुन्हा निवडून आले. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली. तिकडे पदवीशिवाय राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक झाली. रस्त्यावर लाखो लोक उतरले. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ‘तुर्की’ म्हणून सरसकट शिव्या घातल्या जात होत्या, तेव्हा तिथले कितीतरी लोक त्याच सरकारविरुद्ध लाठ्या खाऊन घरी आले होते.

आणखी एक शब्द सापडला, कय्युम. निवडून आलेल्या महापौराला काढून सरकार आपला माणूस बसवतं, तो कय्युम. कुर्दबहुल भागात २०१६ पासून हे सर्रास चालू आहे. मार्दिन शहराचे अहमेट तुर्क तीन वेळा निवडून आले आणि तिन्ही वेळा त्यांना काढलं. २०२४ मध्ये इस्तंबूलच्या एसेन्युर्त भागातही कय्युम आला.

हे वाचताना मला आपली नगरपालिका आठवली. आपल्याकडे कोणाला असं काढलं नाही, कारणं वेगळी होती, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता. पण पेण काय, रोहा काय, जवळपास चार वर्षं प्रशासक होता. पाणी आलं नाही तर जायचं कोणाकडे, हे आपण अनुभवलंय. निवडणुका चार महिन्यांत घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ६ मे २०२५ ला. त्याच रात्री सिंदूर सुरू झालं आणि आपल्याच मताच्या हक्काची ती बातमी कुठल्या कुठे गेली. मीही ती दोन ओळींत उरकली. मतदान शेवटी डिसेंबरात झालं.

परराष्ट्र धोरणाचं म्हणाल तर माझ्या अल्पबुद्धीला एवढं कळलं की ते बरंचसं घरातून ठरतं. ऑक्टोबर २०२२ ला तुर्कस्तानात महागाईचा सरकारी आकडा ८५ टक्क्यांवर होता. घरात असं असलं की बाहेर छाती काढून उभं राहावं लागतं. प्रसिद्ध बायरक्तार ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत एर्दोगन यांचे जावईच प्रमुख आहेत, आणि पाकिस्तान हा तुर्की शस्त्रांचा मोठा गिऱ्हाईक. काश्मीरचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांतल्या २०२४ च्या भाषणात त्यांनी काश्मीरचं नाव घेतलं नाही, तेव्हा ब्रिक्समध्ये शिरायचं होतं. २०२५ ला पुन्हा घेतलं. असा हा हिशेब आहे. म्हणून आपणही हिशेबानेच वागायला हवं. तुर्कस्तानला आपण विकतो जास्त, घेतो कमी. तेव्हा काय थांबवायचं नि काय नाही, ते दिल्लीने ठरवावं. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने माल घ्यायचं नाकारलं, तो त्याचा हक्क. पण दुसऱ्याची गाडी उलथायची, तीही पेटी न बघता, याने अंकारात कोणाचं काय बिघडलं?

परवा ग्रुपवर पुन्हा ‘तुर्कीचा माल ओळखा’ असं काहीतरी फिरायला लागलं. म्हणून आज लिहितोय.

तर दुरुस्ती अशी. मे २०२५ मध्ये रोह्यात फेकलेली सफरचंदं तुर्की नव्हती, हिमाचलची होती. चाचांच्या दोन पेट्या गेल्या आणि पुढे आठवडाभर गाडी लागली नाही. बातमी माझी होती आणि ती खोटी होती. काल चाचांना ही पोस्ट आधी वाचून दाखवली. पेट्यांचे पैसे देत होतो, घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, “टाक आता. उशीर केलास, पण टाक.”

तो व्हिडिओ शेअर केला होतात ना? मग ही पोस्टही करा.