फाटा ते वेस

ग्रामपंचायतीवर निवडून आलो आणि पहिल्याच मासिक सभेत रस्त्याचा विषय काढला. फाट्यापासून शाळेपर्यंत नुसते खड्डे. ग्रामसेवकांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, कुठला तुकडा म्हणताय? फाटा ते पूल प्रमुख जिल्हा मार्ग, तो सार्वजनिक बांधकामकडे. पूल ते वेस ग्रामीण मार्ग, तो झेडपीचा. वेशीच्या आतला आपला." रस्ता सरळ दीड किलोमीटरचा, त्याला तीन मालक! तेव्हापासून प्रवासात मैलाचे दगड बघायची सवय लागली: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, केशरी ग्रामसडकेचा.

शाळेत आणखी गंमत. इमारत जिल्हा परिषदेची, गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून, खिचडीचा तांदूळ केंद्राचा, ती शिजवणाऱ्या ताईंच्या मानधनात केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा. पत्रा गळला की पालक मात्र माझ्या दारात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, दिल्ली-मुंबईची दारं त्यांना कुठं सापडणार?

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. यादी वाचून छाती फुगली होती. पण त्यातलं किती खाली सोडायचं, हे राज्यानं ठरवायचं. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट आमच्या खात्यावर यायचा खरा, पण त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेल्या अबंधितमधून पगार, आस्थापना भागवायची नाही. वेशीच्या आतल्या रस्त्यासाठी ओढाताण ठरलेली.

पाण्याचं मात्र मनाला लागलं. जलजीवन मिशनमध्ये निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागानं करायचं. टाकी उभी राहिली, नारळ फुटला, फलकावर नावं झळकली. मग योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित. आता पंपाचं वीजबिल आमचं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आमची, रात्री व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या पाणीवाल्याचा पगारही आमचाच. बांधायला पैसा वरून येतो, चालवायला पाणीपट्टी लागते, आणि निम्मं गाव ती भरत नाही. उन्हाळ्यात मोटार जळाली तेव्हा वर्गणी काढून ती भरून आणली.

पाणीपट्टी वाढवायला ग्रामसभा बोलावली. एक आजी म्हणाल्या, "टाकी सरकारची, मग बिल आमचं का रं?" उत्तर द्यायला सरपंच उठले, तेवढ्यात कुणीतरी माणसं मोजली. शंभरसुद्धा भरेनात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब.