माळवदावरची माती

मृग आठ-दहा दिवसांवर आला की आबा दोन गाड्या पांढरी माती आणवायचे. ती माळवदावर चढवणं हे आम्हा पोरांचं काम. शिडीच्या प्रत्येक पायरीवर एक पोर, आणि टोपली हातोहात वर. वर आबा माती पसरायचे, पाणी शिंपडायचे आणि धुमसानं चोपत चोपत पन्हाळीकडे उतार द्यायचे. पावसाळ्यात घर गळू नये म्हणून दर वर्षी हा एक थर. जुनी माती खरवडून काढलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. घर पाच खणांचं. दगड-मातीच्या भिंती अडीच फूट रुंद, त्यांच्या पोटात देवळ्या आणि धान्याचं बळद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर लिंबाचा पाला आणि चिखल, सगळ्यांत वर ती पांढरी. माजघराला खिडकी नव्हती. छतातल्या साण्यातून उन्हाचा एक गोल ठिपका खाली पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. तो जात्याच्या पाळीला टेकला की आजी चहाचं आधण ठेवायची. तिला घड्याळ कधी लागलं नाही.

मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या वर, आणि ढाळजेत मात्र सारवलेल्या जमिनीवर नुसतं आडवं झालं की डोळा लागायचा. मातीची भिंत ऊन अडवते त्याहून जास्त ते जिरवते. दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री आम्ही सगळे माळवदावर झोपायला गेलेले असायचो. त्या थंडाव्याला तोड नव्हती, हे मी आजही म्हणतो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, दमून आम्ही सगळे पुढं ढाळजेतच झोपलो होतो. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमची मागची भिंत दोन तोंडांची, मधे नुसती माती आणि चिपा. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड एकही नव्हता. तिचं आतलं तोंड सुटलं आणि मधले दोन खण खाली बसले. आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आपापल्या घराच्या दगडमातीखाली.

पुढं मी हिशेब मांडून पाहिला. दहा बाय दहाची खोली, वर फूटभर माती, म्हणजे डोक्यावर पाच टनांच्या आसपास वजन. आमच्या माळवदावर फुटाहून जास्तच असेल. टोपली वर देताना केवढा आनंद व्हायचा आम्हाला! तो थर आम्हीच, दर वर्षी, घराच्या काळजीपोटी वाढवत नेला होता.

त्यानंतर पत्रा आला. पत्रा हलका, अंगावर पडला तरी जीव वाचण्याची आशा, म्हणून लोकांनी पत्रे घातले. पण मे महिन्यातल्या पत्र्याखालची दुपार ज्यानं काढली त्यालाच ती माहीत. आई पोती भिजवून पत्र्यावर टाकायची. तासाभरात ती कडक वाळायची. आणि पाऊस आला की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. आई तर घरात झोपेनाच. बारा महिने अंगणात बाज, पावसात फार तर पडवी.

आता त्याच जागेवर दादानं पफ पॅनेलचं घर बांधलंय. दोन बाजूंना रंगीत पत्रा, मधे दोन इंच फोम. चौकोनी लोखंडी पाईपचा सांगाडा उभा केला, पॅनेलची जीभ शेजारच्याच्या खाचेत बसवत गेले, आणि जोतं तयार झाल्यापासून बाराव्या दिवशी आत दिवा लागला. छताचं दहा फुटी पॅनेल दोन पोरांनी अलगद उचलून वर दिलं. आमच्या शिडीची आठवण झाली. दहा बाय दहाच्या खोलीवर आता सगळं मिळून शंभरेक किलो वजन आहे.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. 1935 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेत अशा पॅनेलांच्या घराचे प्रयोग सुरू झाले, आणि 1952 मध्ये मिशिगनच्या मिडलंडमध्ये वास्तुविशारद आल्डन डाऊ यांनी मधे फोम घालून घरं उभी केली. तिथं लाकडी फळ्यांमध्ये फोम असतो आणि ते पॅनेल स्वतःच भार पेलतं. आपल्याकडे भार लोखंडी सांगाड्यावर, पॅनेल फक्त अंगरखा.

दोन इंच फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला मातीची भिंत चार-पाच फूट जाड लागेल. दुपारी दादाच्या घरात शिरलं की फरक अंगाला कळतो. पण फोम ऊन जिरवत नाही, थंडावा साठवत नाही. दार उघडं राहिलं की दहा मिनिटांत बाहेरचा उन्हाळा आत. भिंतीत देवळी नाही. जड फळी लावायची तर आधी सांगाड्याचा पाईप शोधावा लागतो. साणं तर नाहीच.

सगळा जीव सांध्यात. आमच्या कारागिरानं मागच्या बाजूचा एक सांधा सिलिकॉन न भरता तसाच सोडला होता. पहिल्याच पावसात थेंब आले आणि कापलेल्या उघड्या कडेतून मुंग्यांनी फोममध्ये घर केलं. कडा पत्र्याच्या पट्टीनं बंद करून घेतल्यावर थांबलं. दुसरी गोष्ट आगीची. फोम पेटला तर धूर विषारी असतो, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतींना दादानं रॉकवूलचं पॅनेल लावलं. थोडं महाग पडलं, पण यात काटकसर करू नये.

आई आता आत झोपते. पहिल्या रात्री तिनं छताला हात लावून पाहिला, दादाला विचारलं, "किती वजन रं ह्याचं?" आणि बाज आत घ्यायला सांगितली.

आमच्या भागात जुनी माळवदं अजून कितीतरी उभी आहेत, आणि त्यांखाली माणसं झोपतात. ती पाडा असं मी म्हणणार नाही. त्या थंडाव्यात मी वाढलोय. पण यंदा मृगाआधी वर चढाल तेव्हा नवी माती टाकण्यापूर्वी जुनी खरवडून खाली उतरवा, आणि भिंतीत जागोजागी आरपार दगड बसवून घ्या.