प्रीतीचे क्रियापद

आपल्या भाषेत प्रेम बसते, जीव जडतो, लळा लागतो, माया वाटते. या साऱ्या प्रयोगांत माणूस कर्ता नसतो. त्याच्या बाबतीत काही घडते, एवढेच. मराठी बायबलमधील ‘प्रीती’ मात्र आज्ञार्थात येते. शेजाऱ्यावर प्रीती करावी, वैऱ्यावरही करावी, असे तेथे सांगितले आहे. भावनेला आज्ञा देता येत नाही, हे आपण जाणतो. मग ही आज्ञा कुणाला आहे? मला वाटते, ती हातांना आहे.

महाडच्या महाविद्यालयात मी ‘स्मृतिचित्रे’ शिकवत असताना पोलादपूरकडून एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, ठरवून केलेलं प्रेम खरं कसं असेल?” प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला शोभणारा होता. उत्स्फूर्त तेच सच्चे, हे आपण कवितेकडून शिकलेलो असतो. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मकथन मात्र निराळे सांगते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण सोवळे सांभाळूनच. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी आचरण बदलले, विधी मागाहून आला. जन्मभराचे सोवळे भावनेच्या एका उमाळ्याने सुटत नाही. ते रोजच्या पंक्तीत, रोजच्या पाण्यात पुन्हा पुन्हा सोडावे लागते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही असाच एक प्रसंग आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. हे सारे कशापोटी, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले. त्या कथेत येशू विहिरीवर आलेल्या स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यामुळे तिला त्याच्या मागण्याचेच नवल वाटते. येथे सुरुवात देण्याने होत नाही, मागण्याने होते, हे मला महत्त्वाचे वाटते. देणाऱ्याचा हात वरच असतो. घेणाऱ्याला मात्र आपली उंची सोडावी लागते.

ही कथा महाडात शिकवताना चवदार तळे टाळून पुढे जाता येत नाही. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. तो तीन वर्षे कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या मागोमाग हजारोंनी ते पाणी घेतले, तर सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. प्रीतीविषयी बोलणाऱ्याने हा इतिहास दृष्टीआड करू नये. तळ्यावर गेलेली माणसे कुणाचे प्रेम मागायला नव्हे, तर आपला हक्क बजावायला गेली होती. हक्काच्या जागी प्रेम देऊ केले, की त्याची दया होते. पण न्यायालय तळे खुले करू शकते; घरातला माठ खुला करण्याचा हुकूम ते देत नाही. न्यायाचे देणे चुकते केल्यावर जे उरते, तेथे प्रीतीचे काम सुरू होते.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. पूर ओसरल्यावर सगळीकडे चिखल होता आणि प्यायला पाणी नव्हते. बाहेरगावाहून आलेल्या अनोळखी तरुणांनी दिलेले पाणी आम्ही सर्वांनी घेतले. कुणी कुणाचे आडनाव विचारले नाही. ते दिवस खरे होते. तरीही वर्षभरात एका परिचितांच्या घरी, कामाला येणाऱ्या बाईंचा वेगळा कप पुन्हा खिडकीत दिसू लागला. त्यांच्या मनात द्वेष नव्हता. पुराने चढवलेले प्रेम पुराबरोबर ओसरले होते आणि त्याच्या जागी कोणतीही सवय लावलेली नव्हती.

त्या विद्यार्थिनीला मी आता असे उत्तर देईन : ठरवून केलेली प्रीती खोटी नसते, न ठरवलेली प्रीती मात्र क्वचितच टिकते. श्रद्धेने तिला व्रताचे रूप दिले, ते मन रोज साथ देत नाही म्हणूनच. जो ख्रिस्ती नाही, त्यालाही हे व्रत अवघड आहे, अशक्य नाही. त्यासाठी दान मोजावे लागत नाही. आपण कुणाकुणाच्या हातचे पाणी प्यायलो आणि कुणाच्या घरी ते मागायला कचरलो, एवढा हिशेब मात्र ज्याचा त्याने ठेवावा.